रोक्कासोर्बाची मार्केझा

सांता रेपाराता मठ
१८ ऑक्टोबर १७४३, संत लूकाचा सण

रोक्कासोर्बाचे मार्केझे आल्देरानो यांस,

तुमचे पत्र तुमच्या पाद्रीबुवांनी लिहिले आहे हे पहिल्याच ओळीत कळले. एवढी लांब वाक्ये तुम्हाला मध्ये घोट घेतल्याशिवाय जमत नाहीत. असो, मजकूर पोचला. रोमच्या निकालाप्रमाणे आपले लग्न मुळात झालेच नव्हते, सबब यापुढे मी 'रोक्कासोर्बाची मार्केझा' अशी सही करू नये. आणि खाली पाद्रीबुवांनी शिकवणीही दिली आहे: 'मार्केझा म्हणजे मार्केझेची पत्नी, याहून वेगळा अर्थ त्या शब्दाला नाही.'

तुमच्या घरात अकरा वर्षे काढलेल्या बाईला तुम्ही हा अर्थ सांगता आहात. मग माझ्याकडूनही ऐका.

मार्का म्हणजे हद्द. जुन्या सम्राटांनी राज्याच्या पोटात जे सरदार बसवले ते काउंट. द्राक्षमळे, गिरण्या, भरल्या अंगाची गावे त्यांच्या वाट्याला. आणि जिथे राज्य संपते, पलीकडून कोण कधी चढून येईल याचा नेम नाही, तिथे खडकावर ज्यांना नेऊन बसवले ते मार्केझे, हद्दीचे राखणदार. त्यांचा मान काउंटांहून मोठा, कारण मरायचे ते आधी त्यांनी. आणि नवरा खिंडीत लढायला गेला की फाटकाच्या किल्ल्या जिच्या कमरेला, ती मार्केझा. तुमच्या पणजीने खिंडीच्या तटावरून उकळते पाणी ओतले तेव्हा पणजोबा कुठे होते हे सगळ्या डोंगराला ठाऊक आहे. दारूच्या पिंपामागे होते. तुमच्या घराण्याची अब्रू तेव्हाही बाईनेच राखली.

म्हणून आपल्याकडे नुसत्या लग्नाने कुणी मार्केझा होत नाही. चर्चमध्ये तुम्ही अंगठी घातलीत तेव्हा मी तुमची बायको झाले. मार्केझा झाले ती पुढच्या मे महिन्यात, खिंडीपासून नदीपर्यंत हद्द पायी चालले तेव्हा. हद्दीच्या प्रत्येक दगडापाशी त्या दगडाची जागा ध्यानात ठेवणारी म्हातारी उभी होती. तिने दगडावर हात ठेवायचा, मला त्याचे नाव सांगायचे आणि मग माझ्या कानशिलात ठेवून द्यायची. शहाण्याला शब्दाचा मार पुरतो म्हणतात, पण शब्द विसरता येतो. गाल विसरत नाही. वरच्या कुरणावरच्या आन्येझे म्हातारीचा हात लाकूडतोड्याचा होता. तिने अशी दिली की माझ्या कानातला डूल उडून गवतात पडला. तुम्ही पोट धरून हसलात, आणि मग झऱ्याच्या पाण्यात स्वतःचा रुमाल भिजवून माझ्या गालावर धरलात. त्या दिवशी मी तुमच्यासाठी जीवही दिला असता.

मग मूल झाले नाही. आणि अकरा वर्षांनी कुणाला तरी एकदम आठवले, की आपल्या आज्या मावसबहिणी होत्या. एवढे जवळचे नाते देवाला कसे चालेल! पण देवाला जेनोव्हाच्या रेशीमवाल्याची मुलगी मात्र चालली.

तुमच्या व्हियोलांतेची हद्दफेरीही माझ्या कानावर आली आहे. माझी मोलकरीण मेंगा अजून बाजाराला तुमच्याच गावात जाते. बाईसाहेब म्हणे पालखीत बसून फिरल्या. खालचे दगड सडकेला लागून आहेत, तिथे पालखी थांबली, पण गावठी म्हातारीच्या हाताची थप्पड रेशीमवाल्याच्या मुलीने का खावी? म्हणून प्रत्येक दगडापाशी त्यांच्या दासीने, बिचे नावाच्या पोरीने, गाल पुढे केला. बाईसाहेब आतून पडदा सारून बघत होत्या. वरच्या कुरणावर तर पालखी चढतच नाही, म्हणून तो दगड राहूनच गेला. आन्येझेही त्याआधीच्या हिवाळ्यात तापाने गेली होती, तेव्हा विचारणार कोण? उंटावरून शेळ्या हाकणे ऐकले होते, पालखीतून हद्द राखणे तुमच्या घरी पाहिले.

रोमच्या कागदाने माझ्याकडून नवरा काढून घेतला, घर काढून घेतले. थपडा काढून घेता येतात का, ते पाद्रीबुवांना विचारून कळवा.

ओर्सोला
रोक्कासोर्बाची मार्केझा


सांता रेपाराता मठ
९ फेब्रुवारी १७४४

मार्केझेसाहेब,

या वेळी पत्र स्वतःच्या हाताने लिहिलेत. अक्षर तसेच आहे, दारूत पाय बुडवून कोंबडी चालावी तसे. पाद्रीबुवांना कळू द्यायचे नव्हते ना?

थंडीत माझी तब्येत कशी आहे हे तुम्ही तीन ओळी विचारलेत आणि चौथ्या ओळीत मुद्द्यावर आलात. वरच्या कुरणावर दरड कोसळली, दगड कुठे गाडला गेला ते कुणाला कळत नाही, आणि व्हियोलांतेला तिथेच उन्हाळ्यासाठी घर हवे आहे, समुद्र दिसेल असे. जेनोव्हाच्या मुलीला समुद्रावाचून करमत नाही. गवंडी उभे आहेत. तेव्हा दगड नेमका कुठे होता, एवढे 'जुन्या स्नेहाखातर' कळवावे.

मी कळवले असते हो. पण माझी पंचाईत बघा. रोमच्या निकालाप्रमाणे मी तुमची बायको कधी नव्हतेच. ज्या बाईचे तुमच्याशी लग्नच झाले नाही, ती तुमच्या हद्दीवर कशाला चालेल? तिला कोण कशाला मारेल? मी काही सांगितले तर पवित्र निकाल खोटा ठरेल, आणि ते पाप मी मठात बसून कसे करू?

तुमच्या घरात मार्केझा आहे. तिला विचारा.

घर मात्र जरूर बांधा. पश्चिमेला रुंद सज्जा काढा. मी ऐकले आहे, तिथून समुद्र फार छान दिसतो.

ओर्सोला
(पाद्रीबुवांच्या म्हणण्याप्रमाणे, कुणीच नाही)


सांता रेपाराता मठ
३ ऑगस्ट १७४४

तुमचा माणूस घामाघूम होऊन अंगणात उभा आहे. त्याला पाणी दिले, भाकरी दिली, चीज दिले. त्याच दगडाबद्दल उत्तर मागतो आहे.

उत्तर: नाही.


सांता रेपाराता मठ
२० सप्टेंबर १७४४

मार्केझेसाहेब,

तुमची तिन्ही पत्रे एकदम वाचली. पहिल्यात आज्ञा, दुसऱ्यात विनंती, तिसऱ्यात 'प्रिय ओर्सोला'. गरज माणसाला किती लवकर वळण लावते.

हकिकत मला आधीच कळली होती. घर उभे राहिले, सज्जा झाला, व्हियोलांतेने तिथे बसून सरबत प्यायले. आणि पलीकडचा ड्यूक, जो दोन पिढ्या त्या ओसाड टेकाडाकडे ढुंकून बघत नव्हता, तो जागा झाला. माझ्या जमिनीत घर बांधलेत, म्हणाला. तुम्ही म्हणालात, दाखव दगड. दगड गाडलेला. मग त्याला चेव आला. आता तो म्हणतो की हद्द मुळात वर नाहीच, खाली ओढ्यापाशी आहे. म्हणजे घर तर गेलेच, सगळे कुरणही गेले. संत मायकेलच्या सणाला सम्राटांचा पंच येऊन जागेवर निवाडा देणार. मेंढपाळांची साक्ष तो घेणार नाही, कारण त्यांची मेंढरे तिथेच चरतात. त्याला मार्केझाची साक्ष हवी. आणि तुमची मार्केझा त्या कुरणावर पालखीतूनसुद्धा गेलेली नाही.

वाचून मी काय केले सांगू? मेंगाला मठाच्या तळघरातली चांगली वाइन आणायला सांगितली.

तुमच्या पत्रांना उत्तर म्हणून हे लिहीत नाही. परवा झीटा आली होती. नदीकाठच्या दगडाची म्हातारी. डोंगर उतरून, पाठीवर चेस्टनटच्या पिठाचे गाठोडे घेऊन, एवढी वाट चालून आली. मी तिला बसवले, गरम दूध दिले. मला वाटले, ती रडेल, पाया पडेल. मी नकार तयार ठेवला होता. तुमचे नाव घेतले की मी काय म्हणायचे, तेही ठरले होते.

तिने तुमचे नाव फार वेळ घेतलेच नाही. दूध संपवले, ओठ पुसले आणि म्हणाली, "बाई, नवऱ्याला जाळायचंय ना? जाळा. त्याची लायकीच ती आहे. पण आमची मेंढरं कशाला होरपळवता?"

मी म्हणाले, तुझ्या मालकाला सांग हे, माझा रोक्कासोर्बाशी काही संबंध उरलेला नाही.

"संबंध त्यांनी तोडला, आम्ही नाही," ती म्हणाली. "आन्येझेनं तुमच्या गालावर दगड ठेवला तो काय मार्केझेसाठी ठेवला? आमच्यासाठी ठेवला. ती मेली. आता तो एकट्या तुमच्यापाशी आहे. आमचा दगड आम्हाला द्या, मग बसा तुमचं भांडत."

खरे सांगते, तोवर मला वाटत होते की सगळेच जाऊ दे. घर, कुरण, खिंड, तुमचे नाव. रोक्कासोर्बा नकाशावर उरले नाही तरी मला चालले असते. पण ही बाई माझ्याशी असे बोलली जसे त्या गढीत कधी कुणी बोलले नाही. मी तिची मालकीण नव्हते, तिची राखणदार होते. आणि राखणदार झोपली होती म्हणून ती दार ठोठावायला आली होती.

तेव्हा मी येते. माझ्या दोन अटी आहेत. पंचासमोर, गावासमोर, तुम्ही मला माझ्या पदवीने हाक मारायची. आणि त्या दिवशी कुरणावर सगळ्यांनी पायी चढायचे. सगळ्यांनी म्हणजे सगळ्यांनी.

ओर्सोला
रोक्कासोर्बाची मार्केझा


सांता रेपाराता मठ
३ ऑक्टोबर १७४४

आल्देरानो,

निवाडा ऐकताच तू पाय आपटत कुरण उतरून निघून गेलास, म्हणून पुढचे तुला ठाऊक नाही. व्हियोलांते सांगणार नाही. तिने का सांगावे! मीच सांगते. आणि आता 'तुम्ही' म्हणायचा मला कंटाळा आला आहे.

आधी निवाड्याच्या आदल्या संध्याकाळचे. खाणावळीच्या ओसरीवर तू माझ्यासमोर टोपी काढून बसलास. केस पिकले आहेत तुझे. तू म्हणालास, "दहा पावलं, ओर्सोला. फक्त दहा पावलं वर दाखव. कुरण मेंढपाळांचं राहील, घर माझं राहील. कुणाचं नुकसान आहे यात?" ड्यूकचे होईल, मी म्हणाले. तू हसलास, त्याला स्वतःची जमीन मोजता येत नाही म्हणालास. मग पूर्वेच्या बुरुजातल्या माझ्या जुन्या खोल्या देऊ केल्यास, आणि मरेपर्यंत पदवी. मी म्हणाले, विचार करते. तू तेवढ्यावर खूश होऊन दोन वाट्या सूप प्यायलास.

विचार मी खरेच केला. तुझे म्हणणे बरोबर होते, कुणाचे काही बिघडत नव्हते. सकाळी कुरणावर मी जिथे बोट दाखवले तिथे माणसांनी खणले. आडवा पडलेला दगड निघाला, आणि त्याच्या जागेखाली कोळसा आणि फुटक्या कौलाचे तुकडे, आपल्याकडे दगड पुरताना घालतात तसे. पंचाने दोर ताणला. कुरण सगळे मेंढपाळांचे. घर सगळे ड्यूकचे, सज्ज्यासकट. तुझ्या बाजूला काय राहिले, तर कोंबड्यांचे खुराडे. झीटा हसून हसून खाली बसली. अरे, आपल्या बाजूने समुद्र दिसतच नाही. तो दिसायला दगड ओलांडावा लागतो. मी तिथे गाल चोळत उभी होते तेव्हा मला हे कळले, तू शेजारी उभा होतास आणि तुला कळले नाही.

पंचाने माझ्या सत्यनिष्ठेची तारीफ केली. मी मान खाली घातली, लोकांना वाटले विनयाने. तुला म्हणून सांगते. मी सत्यासाठी खरे बोलले नाही. माझ्या माणसासाठी मी तो दगड दहा काय, शंभर पावले सरकवला असता आणि क्रुसावर हात ठेवून शपथही खाल्ली असती. तुझ्यासाठी नाही सरकवला. एवढेच.

तू गेलास आणि पंच म्हणाला, दगड पुन्हा उभा होतो आहे, आता याला कुणीतरी तरुण साक्षीदार हवा, पुन्हा असा घोळ नको. रीत सगळ्यांना ठाऊक होती. जिला दगड आठवतो तिनेच मारायचे. आन्येझे नाही, म्हणून त्या दगडाची म्हातारी आता मी. आणि गाल कुणाचा, हे कुणी बोलले नाही, पण सगळे एकीकडेच बघायला लागले.

व्हियोलांते पुढे आली. तुझी बायको मी तोवर नीट पाहिली नव्हती. वीस-एकवीसची आहे रे ती. पायी चढून आली होती, रेशमी जोडे चिखलात गेलेले, तक्रार नाही. तिने कानातले काढून बिचेच्या हातात दिले, केस मागे सारले आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"मारा," ती म्हणाली. "त्या वेळी मला कुणी सांगितलंच नाही हे कशासाठी असतं. यांनी सांगितलं, गावंढळ चाळे आहेत, पडदा लावून घे. आज कळलं. मारा जोरात."

मला ती पोरगी आवडली. हे लिहून टाकते, म्हणजे तुला वाटायला नको की मला काही समजत नव्हते. ती मागत होती ते तिला शोभले असते. एक थप्पड, आणि ती माझ्याहून चांगली मार्केझा झाली असती. तुलाही सुधारले असते तिने कदाचित.

मी हात उचलला. मग मी तो हात खाली आणला आणि तिची खांद्यावरून घसरलेली शाल नीट केली.

"पाहुणीवर हात कसा उगारू?" मी म्हणाले.

तिचा चेहरा पाहायला तू हवा होतास. मारले असते तर एवढा लाल झाला नसता. ती तशीच गाल पुढे करून उभी राहिली, आपण चुकीचे ऐकले असे समजून, आणि मग हळूच मागे सरकली. तिच्यासाठी कोणी रडले नाही. गावातल्या बायका पालखी विसरल्या नव्हत्या.

झीटा चिडली माझ्यावर. "मग मारायचं कुणाला?" म्हणाली. "दगड कुणालातरी द्यायलाच पाहिजे. तुम्ही काय जन्माला पुरणार आहात?"

मी बिचेला पुढे बोलावले. ती मालकिणीचे कानातले मुठीत घेऊन उभी होती, घाबरलेली. मी तिला विचारले, खालच्या दगडांच्या सगळ्या तूच खाल्ल्यास ना? ती म्हणाली, हो बाई, नदीकाठची तर अजून दुखते. बायका हसल्या. मग मी म्हणाले, एवढी एकच राहिली आहे तुझी. दगडावर हात ठेवला, नाव सांगितले आणि अशी सणसणीत दिली की बिचे गवतात बसली. माझा तळवा आत्ता लिहितानाही चुरचुरतो आहे.

तिने आधी गाल चाचपला. मग तिला काय झाले ते उमगले असावे, कारण ती हसायला लागली. झीटाने तिला उठवले, नव्या मार्केझाला देतात तशी भाकरी आणि चीज तिच्या ओटीत घातले आणि सगळ्यांसमोर तिला पदवीने हाक मारली. मग बाकीच्यांनीही तशीच हाक मारली. मेंढपाळांनी टोप्या काढल्या. पंच बिचारा गोंधळला, पण साक्षीदार मिळाला म्हणून त्याने नाव लिहून घेतले आणि जेवायला गेला.

कागदावर व्हियोलांतेच राहील, पाद्रीबुवा लिहितीलच तसे. पण खिंडीपासून नदीपर्यंत आता कुणीही लहान पोर सांगेल मार्केझा कोण ते. आणि बिचेला घालवून देण्याचा विचार मनात आणू नकोस. तुझी सगळी हद्द सलग आता तिच्या एकटीच्या डोक्यात आहे. ती गेली, की पुढच्या वर्षी ड्यूक ओढ्यापाशी येऊन बसेल, आणि तेव्हा मी कुरणावर येणार नाही. तेव्हा तिला सांभाळ. पोटभर खाऊ घाल. आजारी पडली तर वैद्य आण.

उद्या सकाळी तुझी बायको आरशासमोर बसेल, आणि तिचे केस विंचरायला रोक्कासोर्बाची मार्केझा येईल. परवाही येईल. तुम्ही दोघे आहात तोवर रोज येईल.

ओर्सोला